इथिओपियावरची इटलीची स्वारी (१९३५-३६): मुसोलिनीला काय हवं होतं आणि बाकीचे देश काय करत होते?

टिपणवही

३ ऑक्टोबर १९३५ च्या पहाटे इटलीच्या फौजा युद्ध जाहीर न करताच एरिट्रिया या आपल्या वसाहतीच्या सीमेवरची मारेब नदी ओलांडून इथिओपियात शिरल्या. सात महिन्यांनी, ५ मे १९३६ ला, त्या राजधानी आदिस अबाबात होत्या. दोन्ही देश राष्ट्रसंघाचे (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) सभासद होते. १९२३ मध्ये इथिओपियाला सभासद करून घ्यावं म्हणून ज्यांनी शब्द टाकला त्यांत इटलीही होती, आणि १९२८ मध्ये दोघांनी वीस वर्षांसाठी मैत्रीचा तह केला होता. कागदोपत्री इथिओपियाची बाजू अगदी पक्की होती. तरी तो देश गिळला गेला.

निमित्त वलवलचं झालं. ओगादेनच्या रखरखीत प्रदेशातल्या या विहिरींपाशी ५ डिसेंबर १९३४ ला दोन्हीकडच्या तुकड्यांची चकमक उडाली. इटलीचं तिथलं ठाणं इटालियन सोमालीलँडच्या हद्दीत नव्हतं, इथिओपियाच्या मुलखात बरंच आत होतं. तरी माफी आणि भरपाई मागितली ती इटलीने. आणि महिना उलटायच्या आत, ३० डिसेंबरला, इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने मोजक्या वरिष्ठांना एक गुप्त टिपण पाठवलं. इथिओपियाचं सैन्य मोडून काढायचं आणि अख्खा देश घ्यायचा, हे उद्दिष्ट त्यात सरळ लिहिलेलं आहे.

त्याच टिपणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वेळेचा हिशोब. जर्मनी अजून पुरता सज्ज झालेला नाही, युरोपात दोन-तीन वर्षं शांतता राहील, तेवढ्यात हे काम उरकून घेतलं पाहिजे, असा त्याचा रोख आहे. पुढच्याच आठवड्यात, जानेवारी १९३५ च्या सुरुवातीला, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लावाल रोमला आले आणि इथिओपियात आम्हाला फारसं स्वारस्य नाही असं सुचवून गेले. लावाल नंतर म्हणत राहिले की मी फक्त आर्थिक सवलतींबद्दल बोललो होतो. मुसोलिनीने त्याचा अर्थ मोकळं रान असा घेतला. एप्रिलमध्ये इटलीतल्या स्ट्रेसाला ब्रिटन, फ्रान्स आणि इटली जर्मनीविरुद्ध एकत्र बसले, तेव्हा आफ्रिकेचा विषय ब्रिटनने काढलाच नाही. तोपर्यंत इटलीची जहाजं सैन्य घेऊन सुएझमधून जायला लागली होती.

माझं म्हणणं असं की स्वारीचे हेतू वेगळे आणि बाहेरच्यांची प्रतिक्रिया वेगळी, असे दोन कप्पे करून हा विषय समजत नाही. बाहेरचे काय करतील याचा अंदाज हा त्या स्वारीच्या कारणांचाच एक भाग होता. तुम्हाला काय वाटतं? मूळ कारण सूड, पैसा, जमीन की आणखी काही? आणि मधल्या सात महिन्यांत हे थांबवता आलं असतं का?

अंबाघाट

चांगला विषय. मी आर्थिक बाजूने पाहतो.

१९२९ नंतरची मंदी इटलीलाही झोंबली होती. कारखाने बंद, बेकारी मोठी. त्याआधी दक्षिण इटलीतली माणसं लाखांनी अमेरिकेला जात, पण १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने ती वाट जवळजवळ बंद केली. सिसिली, कालाब्रिया, पुलियामधल्या भूमिहीन शेतकऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न खरा होता. मुसोलिनी लोकसंख्या वाढवा म्हणून एकीकडे मागे लागलेला आणि दुसरीकडे माणसांना जमीन नाही. इथिओपियाचं पठार थंड हवेचं, काळ्या मातीचं. तिथे इटालियन शेतकरी वसवायचे हे स्वप्न त्याच्या आधीच्या पिढीपासून होतं. शिवाय एरिट्रिया आणि सोमालीलँड या दोन तुटक वसाहती इथिओपिया घेतल्याने जोडल्या जाणार होत्या.

युद्धाच्या ऑर्डरी मिळाल्यावर कारखान्यांची धुराडी पुन्हा पेटली. बेकार तरुणांना गणवेश मिळाला. सरकारच्या दृष्टीने हा फायदा लहान नव्हता.

टिपणवही

अंबाघाट, जमिनीचा मुद्दा प्रचारात फार वापरला गेला हे खरं. पण युद्ध जिंकल्यावर झालं काय ते पाहा. लाखो शेतकरी वसवण्याच्या गोष्टी होत्या. प्रत्यक्षात तिथे जाऊन शेती करणाऱ्या इटालियन कुटुंबांची संख्या काही हजारांपुढे गेली नाही. बाकी गेले ते सैनिक, कारकून, रस्ते बांधणारे मजूर आणि ठेकेदार. पठारावरचा शेतकरी बंदूक घेऊन डोंगरात बसला होता, त्याच्या शेतात दुसरा कोण नांगर धरणार? वसाहतीतून तिजोरीत काही येण्याऐवजी तिजोरी तिकडे वाहत राहिली. ऑक्टोबर १९३६ मध्ये लिराचं अवमूल्यन करावं लागलं.

हा तोटा मुसोलिनीच्या अर्थखात्याला आधी कळत नव्हता असं नाही. तरी निर्णय झाला. म्हणून मला पैसा हे वरवरचं कारण वाटतं.

रानजाई

अदुआ. बाकी सगळं त्यानंतर.

१ मार्च १८९६ ला सम्राट मेनेलिक दुसरा याने अदुआला इटलीच्या सेनेचा धुव्वा उडवला. इटलीच्या बाजूचे सहा हजारांच्या आसपास एका दिवसात मेले, त्यांत एरिट्रियाचे अस्कारी सैनिकही होते. हजारो कैद झाले. रोममध्ये सरकार पडलं. आफ्रिकी राजाकडून असा पराभव झालेला युरोपीय देश म्हणून इटलीची चाळीस वर्षं नाचक्की होत राहिली. २ ऑक्टोबर १९३५ च्या संध्याकाळी मुसोलिनीने सज्जातून भाषण केलं त्यातलं वाक्यच आहे: इथिओपियाच्या बाबतीत आम्ही चाळीस वर्षं धीर धरला, आता पुरे. स्वारी सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी घेतलं ते अदुआ. गाव छोटं, पण इटलीभर चर्चच्या घंटा वाजल्या.

आणि हे फक्त वरून लादलेलं नव्हतं, हे मला अस्वस्थ करतं. १८ डिसेंबर १९३५ ला बायकांनी आपल्या लग्नाच्या अंगठ्या देशासाठी द्यायच्या असा दिवस पाळला गेला. राणी एलेना पहिली गेली. तिच्यामागे रोममध्ये बायकांच्या रांगा लागल्या, सोन्याच्या जागी त्यांना लोखंडी अंगठ्या मिळाल्या. नाटककार पिरान्देल्लोने आपलं नोबेलचं पदक दिलं. फॅसिझमचा विरोधक म्हणून जो ओळखला जायचा त्या तत्त्वज्ञ क्रोचेनेसुद्धा सिनेटरचं पदक दिलं. मिलानच्या कॅथेड्रलमध्ये कार्डिनल शुस्टरनी या स्वारीला धर्मकार्य ठरवलं. ज्या राजवटीला तोवर निम्मी इटली मनातून मानत नव्हती, तिला या सात महिन्यांत लोकांनी डोक्यावर घेतलं. एका हुकूमशहाला यापेक्षा मोठा हेतू कुठला लागतो?

दर्यावर्दी

मी जहाजावर नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे नकाशा पाहिला की आधी बंदरं दिसतात. इटलीहून मसावाला किंवा मोगादिशूला सैन्य, खेचरं, ट्रक, बाँब, पीठ, पाणी, सगळं नेण्याची एकच शहाणी वाट आहे: सुएझ. आफ्रिकेला वळसा घालून एवढी फौज पोसणं अशक्य. सगळी मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं इटलीने या मोहिमेत उतरवली. ती सगळी ज्या कालव्यातून गेली तो कालवा ब्रिटिश फौजेच्या पहाऱ्यात होता. इटलीची जहाजं रीतसर टोल भरून ब्रिटिशांच्या डोळ्यांदेखत जात होती.

ब्रिटिश म्हणत, १८८८ च्या करारानुसार कालवा युद्धातही सर्वांना खुला ठेवावा लागतो. कायद्याने बरोबर. पण राष्ट्रसंघाच्या सनदेत आक्रमकाशी व्यवहार तोडा असंही लिहिलं होतं आणि त्यावरही त्यांचीच सही होती.

दुसरी गोष्ट तेल. राष्ट्रसंघाने ऑक्टोबरमध्ये इटलीला आक्रमक ठरवलं. ५४ पैकी ५० देश त्या बाजूने होते, हे पहिल्यांदाच घडत होतं. १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले: शस्त्रं नाहीत, कर्ज नाही, इटलीचा माल घ्यायचा नाही, रबर आणि कथील द्यायचं नाही. तेल मात्र यादीत नाही, कोळसा नाही, पोलाद नाही. ज्याच्यावर ट्रक आणि विमानं चालतात ते सोडून बाकीचं बंद. रुमानियाचं तेल जात राहिलं, सोव्हिएत रशियाचं जात राहिलं. अमेरिका संघाची सभासद नव्हती. रूझवेल्टनी कंपन्यांना नैतिक आवाहन केलं, पण तिथून जाणारं तेल उलट वाढलं.

म्युनिकच्या परिषदेच्या वेळी, १९३८ मध्ये, मुसोलिनीने हिटलरला सांगितलं की तेलावर बंदी आली असती तर मला आठवड्यात माघार घ्यावी लागली असती. हिटलरच्या दुभाष्याने हे नोंदवून ठेवलं आहे.

गोदाकाठ

दर्यावर्दी, तेलाबद्दल सहमत. पण ब्रिटनची अडचण आपण जरा समजून घेऊ.

सप्टेंबर १९३५ मध्येच ब्रिटनने आपल्या घरच्या आरमारातली जहाजं जिब्राल्टरला पाठवली होती. आरमाराच्या अधिकाऱ्यांना इटलीला हरवण्याची खात्री होती. भीती होती ती चार-पाच मोठी जहाजं गमावण्याची, कारण पूर्वेला जपान टपून बसला होता आणि उत्तरेला हिटलरने मार्चमध्येच सक्तीची सैन्यभरती सुरू केली होती. फ्रान्स बंदरं द्यायला का-कू करत होता. फ्रेंचांच्या नजरेत इथिओपिया हा विषयच नव्हता. जर्मनीशी उद्या लढावं लागलं तर आल्प्सच्या बाजूला इटली मित्र असावी, एवढंच त्यांना दिसत होतं. पन्नास वर्षांच्या आत दोनदा, १८७० आणि १९१४ मध्ये, जर्मन फौजा आपल्या अंगणात पाहिलेल्या माणसांना मी एकदम भेकड म्हणू शकत नाही.

सुएझ बंद करणं म्हणजे युद्ध. कोणत्या ब्रिटिश मतदाराला १९३५ मध्ये युद्ध हवं होतं?

टिपणवही

गोदाकाठ, मतदाराला काय हवं होतं याचा पुरावा आहे. १९३४-३५ मध्ये ब्रिटनमध्ये घरोघर जाऊन शांततेवर एक मोठी जनमत चाचणी घेतली गेली, एक कोटी दहा लाखांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. आक्रमकावर आर्थिक निर्बंध घालावेत याला एक कोटीहून जास्त होकार आले. लष्करी उपायांना होकार त्याहून कमी, पण तोही बहुमताचा. सप्टेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री सॅम्युएल होअर जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या बाजूने इतकं ठाम बोलले की छोट्या देशांना हायसं वाटलं. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान बाल्डविन यांनी याच भूमिकेवर निवडणूक जिंकली.

आणि निवडणुकीला महिना होत नाही तोच, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तेच होअर पॅरिसला थांबून लावाल यांच्याशी काय ठरवून आले? इटलीला उत्तरेकडच्या तिग्रे प्रांताचा मोठा भाग आणि ओगादेन द्यायचं, दक्षिणेचा मोठा पट्टा इटलीच्या आर्थिक ताब्यात द्यायचा आणि बदल्यात इथिओपियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी वाट. फ्रेंच वर्तमानपत्रांनी हे फोडलं. लंडनच्या ‘टाइम्स’ने त्या वाटेला उंटांची वाट म्हटलं. लोक एवढे खवळले की १८ डिसेंबरला होअरना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे रोममध्ये बायका अंगठ्या देत होत्या त्याच दिवशी.

योजना बारगळली, पण त्यातून रोमला जे कळायचं ते कळलं. तेलबंदीचा विषय जानेवारीत गेला, फेब्रुवारीत गेला, समित्या बसत राहिल्या. कॅनडाचे जिनिव्हातले प्रतिनिधी रिडेल यांनी नोव्हेंबरमध्येच तेल, कोळसा आणि लोखंड यादीत घालायचा ठराव मांडला होता. कॅनडाच्या सरकारने डिसेंबरच्या सुरुवातीला जाहीर करून टाकलं की ते त्यांचं वैयक्तिक मत आहे. मग ७ मार्च १९३६ ला हिटलरने, तहाने सैन्य ठेवायला मनाई असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवलं आणि इथिओपियाचं नावही कोणी घेईना.

फ्रान्सची भीती खरी होती, हे मी मानते. पण मुसोलिनीला सांभाळून त्यांना काय मिळालं? इटली शेवटी जर्मनीकडेच गेली. इथिओपियाही गेला.

रानजाई

या समित्या बसत होत्या तेव्हा पठारावर काय चाललं होतं तेही इथे लिहायला हवं.

डिसेंबर १९३५ पासून इटलीच्या विमानांनी मस्टर्ड वायूचे बाँब टाकले, नंतर फवारणीही केली. विषारी वायू वापरणार नाही या १९२५ च्या जिनिव्हा करारावर इटलीने सही करून तो मंजूरही केला होता. या वायूने कातडी सोलवटते, डोळे जातात, आणि तो गवतावर, पाण्यावर, गुरांच्या अंगावर बसून राहतो. इथिओपियाच्या सैनिकांपैकी बरेच अनवाणी होते. ३० डिसेंबरला मेलका दिदा इथे स्वीडनच्या रेडक्रॉसच्या तळावर बाँब टाकले गेले.

बाहेरच्यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रं द्यायची नाहीत असा तटस्थपणा युद्धाआधी महिनोन्‌महिने पाळला होता. इटली शस्त्रं स्वतः बनवत होती. इथिओपिया बनवत नव्हता. त्यामुळे ही बंदी प्रत्यक्षात एकाच देशावर होती. जिबुतीहून येणारी रेल्वे फ्रेंचांची, तिच्यावरूनही माल अडवला जायचा. इथिओपियाला गुपचूप रायफली विकणाऱ्यांत एक होता हिटलर, कारण इटली आफ्रिकेत अडकलेली त्याला हवी होती.

३१ मार्च १९३६ ला मायचेवला सम्राट हैले सेलासी स्वतः लढाईत उतरला आणि हरला. ३० जूनला जिनिव्हात तो अम्हारिकमध्ये बोलायला उभा राहिला तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवल्या. नऊ, पंधरा, अठरा विमानांच्या रांगा कशा सलग वायू फवारत जात होत्या ते त्याने सांगितलं. शेवटी विचारलं, मी माझ्या लोकांकडे काय उत्तर घेऊन जाऊ? चार दिवसांनी सभेने निर्बंध उठवायचं ठरवलं आणि १५ जुलैला ते उठले.

सांजवेळ

सगळं पटतंय, तरी एक बाजू या धाग्यात आली नाही ती मांडते. इथिओपिया म्हणजे निव्वळ गरीब गाय नव्हता. ज्या मेनेलिकने अदुआ जिंकलं त्यानेच १८८७ मध्ये हरार घेतलं, १८९७ मध्ये काफाचं राज्य बुडवलं, ओरोमो आणि सिदामा लोकांच्या जमिनी आपल्या सरदारांना वाटल्या. गुलामगिरी १९३५ मध्येही चालू होती. हैले सेलासीने तिच्याविरुद्ध फर्मानं काढली होती, पण ती सगळीकडे पोचली नव्हती. राष्ट्रसंघात प्रवेश देतानाच ब्रिटनने या मुद्द्यावर खळखळ केली होती.

इटलीने हाच मुद्दा उचलला. तिग्रेमध्ये शिरल्या शिरल्या इटलीचा सेनापती दे बोनो याने गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली. युरोपात बऱ्याच लोकांना ते पटलं. दक्षिणेतल्या काही गटांनी इटलीच्या फौजेचं स्वागतही केलं, कारण त्यांच्यासाठी आदिस अबाबा हीच परकी सत्ता होती. ज्या लोकांनी ते केलं त्यांना फितूर म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

रानजाई

सांजवेळ, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मला मान्य आहे. पण मुक्त करायला आलेल्यांनी पुढे काय केलं? फेब्रुवारी १९३७ मध्ये इटलीचा व्हाइसरॉय ग्रात्सियानीवर बाँब फेकले गेले तेव्हा काळ्या डगल्यांच्या फॅसिस्ट लोकांनी तीन दिवस आदिस अबाबात घरं जाळली, रस्त्यात दिसेल त्याला मारलं. इथिओपिया तीस हजार मेल्याचं सांगतो, काही अभ्यासकांचे आकडे कमी आहेत, पण सगळेच हजारांत आहेत. मे महिन्यात देब्रे लिबानोसच्या मठातले भिक्षू रांगेत उभे करून मारले. ज्यांची सत्ता जाचक होती त्यांच्या जागी दुसरी जाचक सत्ता बसली, आणि ती बाहेरची होती.

डोंबिवलीकर

हे वाचताना सारखं युक्रेन आठवतंय. हल्ल्याआधी इतिहासाचे दाखले, सीमेवरच्या लोकांना सोडवायला आलो असं सांगणं, आणि मग निर्बंध. डिसेंबर २०२२ मध्ये सात श्रीमंत देशांनी रशियाचं तेल स्वतः घेणं बहुतेक बंद केलं, पण इतर देशांना जाणाऱ्या तेलावर बंदी न घालता पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली, म्हणजे तेल बाजारात येत राहावं पण रशियाला कमी पैसे मिळावेत. १९३५ मध्येही तेल हेच दुखणं होतं. आणि आपणही ते तेल घेणाऱ्यांत अगदी पुढे होतो. त्यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. स्वस्त तेलाने आपल्याकडची महागाई रोखली, हे दिसतं. त्या पैशाचं पुढे काय होतं, हेही दिसतं.

टिपणवही

डोंबिवलीकर, तुलनेत एक मोठा फरक आहे. युक्रेनला बाहेरून शस्त्रं मिळाली, इथिओपियाला नाकारली गेली. आणि हैले सेलासीने तेलाचंच आमिष दाखवून अमेरिकेला गुंतवायचा प्रयत्न केला होता. ऑगस्ट १९३५ मध्ये रिकेट नावाच्या इंग्रज दलालामार्फत एका अमेरिकी तेल कंपनीला मोठ्या प्रदेशाचा मक्ता दिला. वॉशिंग्टनने आठवडाभरात कंपनीला माघार घ्यायला लावली. आपली कंपनी तिथे असली तर आपल्याला काही करावं लागेल, हीच त्यांना धास्ती.

गोदाकाठ

आपल्याकडचं थोडं लिहितो. मार्च १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू कमलाबाईंच्या निधनानंतर परत येत होते. विमान रोमला थांबणार होतं. मुसोलिनीने भेटीला बोलावलं, खूप आग्रह झाला, नेहरूंनी नकार दिला. ही भेट झाली असती तर तिचा फोटो प्रचाराला वापरला जाईल हे त्यांना दिसत होतं. एप्रिलमध्ये काँग्रेसच्या लखनौ अधिवेशनाने इथिओपियाला सहानुभूतीचा ठराव केला, आणि मे महिन्यात देशभर अबिसिनिया (इथिओपियाचं जुनं नाव) दिन पाळला गेला. गुलाम देशाला निर्बंध घालता येत नव्हते, पण बाजू घेता येत होती.

आणि पाच वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, आपली माणसं तिथे इटलीविरुद्ध लढली. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन फेब्रुवारीपासून २७ मार्चपर्यंत झुंजत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन त्यात होती. दिवसा स्कॉटिश पलटणीला जे सुळके घेता आले नाहीत त्यांतला एक मराठ्यांनी मार्चच्या मध्यावर रात्री चढून घेतला. रेजिमेंटच्या सन्मानांत ‘केरेन’ आहे. पुढे इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. केरेनला हिंदू आणि शीख जवानांचं दहनस्मारक आहे. सातारा-रत्नागिरीची ती पोरं. ५ मे १९४१ ला सम्राट आदिस अबाबात परतला, इटालियन शिरले होते त्याच तारखेला.

(अहमदनगरचा मलिक अंबर त्याच मुलखातून गुलाम म्हणून आलेला, हेही जाता जाता.)

अंबाघाट

सरकारांच्या गोष्टी खूप झाल्या. सामान्य लोकांनी काय केलं तेही बघा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हजारोंचे मोर्चे निघाले. शिकागोचा कृष्णवर्णीय वैमानिक जॉन रॉबिन्सन इथिओपियाच्या विमानदलात गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या गोदी कामगारांनी इटलीच्या जहाजांवर माल चढवायला नकार दिला. लंडनमध्ये सिल्व्हिया पँकहर्स्ट या ब्रिटिश कार्यकर्तीने मे १९३६ पासून इथिओपियासाठी साप्ताहिक सुरू केलं आणि सगळ्यांनी विषय सोडल्यावरही वर्षानुवर्षं चालवलं. पुढे घानाचा नेता झालेला क्वामे एन्क्रुमा तेव्हा विद्यार्थी होता, लंडनमध्ये उतरल्यावर स्वारीची बातमी फलकावर वाचून तो हादरला होता. आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातली एक अख्खी पिढी या घटनेने जागी झाली.

यातल्या कुणाच्या हातात सुएझ नव्हतं, एवढाच फरक.

सांजवेळ

मग सम्राट परतल्यानंतरचंही बोलूया. १९५० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून एरिट्रिया इथिओपियाला संघराज्य म्हणून जोडलं. स्वतंत्र विधिमंडळ, स्वतंत्र झेंडा, अशी हमी होती. हैले सेलासीने एकेक हमी काढून घेतली आणि १९६२ मध्ये एरिट्रियाला सरळ प्रांत करून टाकलं. जिनिव्हात ज्याने जगाला विवेकाची हाक दिली त्याच माणसाने. संयुक्त राष्ट्रं गप्प बसली. अस्माराला अमेरिकेचा मोठा दळणवळण तळ होता, त्यामुळे अमेरिकाही गप्प. तिथे मग तीस वर्षं युद्ध चाललं.

टिपणवही

सांजवेळ, हे इथे आणलंत ते फार बरं झालं. बंदर हवं, आपला जुना हक्क आहे, तिथले लोक आपलेच आहेत, ही कारणं १९६२ मध्येही दिली गेली. आणि बाहेरच्यांनी परत आपापला तळ, आपापला दोस्त पाहिला. १९३५ मध्ये ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची बाजू घेताना मला यावर पांघरूण घालायचं नाही.

मान्यतेचा हिशोबही देऊन ठेवते. ९ मे १९३६ ला मुसोलिनीने साम्राज्य जाहीर केलं. १० जूनला, तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री चेंबरलेन यांनी निर्बंध चालू ठेवण्याला शुद्ध वेडेपणा म्हटलं. १९३८ मध्ये पंतप्रधान म्हणून त्यांनीच इटलीचा इथिओपियावरचा ताबा मान्य केला, फ्रान्सनेही. शेवटपर्यंत मान्यता न देणाऱ्यांत अमेरिका, मेक्सिको आणि न्यूझीलंड होते. मेक्सिकोचं मला विशेष वाटतं. त्यांचा इथिओपियाशी ना व्यापार, ना शेजार. उत्तरेच्या शेजाऱ्याने आपला निम्मा मुलूख बळाने घेतला होता, हे ते विसरले नव्हते.

दर्यावर्दी

आज इटलीत याबद्दल काय शिकवतात, कोणाला माहीत आहे का? मी नेपल्सला जिथे जिथे विचारलं तिथे लोक रस्ते आणि पूल बांधल्याचंच सांगायचे.

रानजाई

विषारी वायू वापरल्याचं इटलीच्या संरक्षण खात्याने १९९६ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं, म्हणजे साठ वर्षांनी. १९३७ मध्ये उचलून रोमला नेलेला इथिओपियातल्या अक्सुमचा दगडी स्तंभ २००५ मध्ये परत गेला. परत द्यायचं इटलीबरोबरच्या १९४७ च्या शांतता तहातच ठरलं होतं. आणि २०१२ मध्ये रोमजवळच्या आफिले गावात सार्वजनिक पैशातून ग्रात्सियानीचं स्मारक बांधलं. इथिओपियाच्या लोकांनी परदेशात निदर्शनं केली, इटलीतही बऱ्याच जणांनी विरोध केला, तिथल्या महापौरांवर खटला चालला. दर्यावर्दी, तुम्हाला नेपल्समध्ये जे ऐकू आलं ते मला नवल वाटत नाही.